बिटातील साखर शोधणारे मारग्राफ

पाण्यात विरघळलेली साखर परत मिळवणे दिसते तेवढे सोपे नाही. कंदमुळांच्या रसात साखरेसोबत प्रथिने, क्षार आणि चिकट द्रव्येही असतात. रस नुसता आटवला, तर हाती काकवीसारखा पाक येतो. या अडचणीवर मद्यार्काचा उपाय योजला आंद्रेआस मारग्राफ यांनी.

त्यांचा जन्म ३ मार्च १७०९ रोजी बर्लिनमध्ये, औषधे बनवून विकणाऱ्या कुटुंबात झाला. घरच्या धंद्याबरोबरच त्यांनी वैद्यक, रसायन आणि धातुपरीक्षेचे शिक्षण घेतले. १७३८ मध्ये ते बर्लिनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १७४६ मध्ये त्यांनी खनिजापासून शुद्ध जस्त वेगळे करून दाखवले.

त्या काळी युरोपात साखर येई ती वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांतून. तेथे गुलामांना राबवले जाई आणि युरोपातील गरिबांना ती साखर परवडत नसे. मारग्राफ यांनी १७४७ मध्ये पांढऱ्या बिटाच्या चकत्या वाळवून त्यांची भुकटी केली, ती तीव्र मद्यार्कात उकळली, गरम असतानाच गाळली आणि द्रावण थंड जागी ठेवून दिले. गरम मद्यार्कात साखर विरघळते, थंडीत तिची विद्राव्यता घटते. प्रथिने आणि डिंकासारखी द्रव्ये मात्र बहुतांशी चोथ्यातच राहतात. काही आठवड्यांनी बाटलीत स्फटिक जमले. सूक्ष्मदर्शकाखाली ते उसाच्या साखरेसारखेच दिसले. अर्धा पौंड सुक्या बिटातून अर्धा औंस साखर मिळाली.

मद्यार्क महाग होता. म्हणून त्यांनी रस पिळून, गाळून, आटवण्याची स्वस्त रीतही करून पाहिली. साध्या शेतकऱ्याला घरची साखर मिळावी, ही त्यांची इच्छा होती. कारखाना पाहण्याआधीच, ७ ऑगस्ट १७८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य आखार्ड यांचा कारखाना १८०२ मध्ये सुरू झाला. आज जगातील सुमारे एक पंचमांश साखर बिटाची असते.

कापडे-पोलादपूरकडच्या चहात उसाची साखर पडते, बर्लिनमध्ये बिटाची. रेणू एकच, सुक्रोज. आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्यामुळे मधुमेहींनी साखर कशापासून बनली यापेक्षा ती किती खातो हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार निरोगी प्रौढानेही वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅम, म्हणजे सुमारे पाच-सहा छोट्या चमच्यांपर्यंतच ठेवावी. मारग्राफ यांच्या काळी साखर मिळणे अवघड होते. आता ती टाळणे अवघड झाले आहे.