पोटात तेच ओठात

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असे ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचवले तेव्हा दोघी-तिघींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मी पाहिल्या. त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या घरीही हे नाव निघाले की आजीचा चेहरा असाच होई. बाई विद्वान खरी, पण स्वतः बाटली आणि लोकांच्या मुली बाटवल्या, एवढ्यावर रमाबाईंचे चरित्र आमच्या स्वयंपाकघरात संपत असे. वयाच्या पन्नाशीपर्यंत मीही याहून अधिक काही जाणले नव्हते.

मग एक प्रसंग घडला. मंडळाच्या हळदीकुंकवाचा ठराव सभेपुढे होता आणि त्यात सर्व भगिनींसाठी असे शब्द होते. आपल्या एका ख्रिस्ती सभासद भगिनीने उठून शांतपणे विचारले की, सर्व म्हणजे इथे बसलेल्या विधवा भगिनीही का? त्यांनाही कुंकू लावणार असाल तर सर्व म्हणा. नसाल तर तो शब्द काढा. कोणी काही बोलले नाही. तेवढ्यात चहा आला. चिटणीस या नात्याने मी इतिवृत्तात लिहिले की, ठराव सर्वानुमते मंजूर झाला. पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचले गेले आणि कायमही झाले. त्या भगिनीने तक्रार केली नाही. मात्र काही दिवसांनी तिने मला एक जाडजूड पुस्तक वाचायला आणून दिले. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेली ती रमाबाईंची पत्रे होती. पत्रे इंग्रजीत. मी शब्दकोश उशाशी घेऊन दोन महिने ती वाचली. पुढे जे लिहिते आहे त्याचे मूळ त्या वाचनात आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांना संस्कृत शिकवू नये असा रिवाज असताना या शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, आणि उडुपीला पंडितांपुढे उभे राहून त्याला शास्त्राधार दाखवला. आईने मग लेकीला शिकवले. पुढे सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थे करीत हिंडू लागले. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात गेले. मोठ्या दुष्काळात, १८७४ साली, आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास अर्धपोटी पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय अवघे वीस. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो ब्राह्मण नव्हता. दोघांचाही रूढ धर्मावर विश्वास उरला नव्हता, मग भटजी बोलावून होम कशासाठी करायचा, हा त्यांचा विचार. दीड-पावणेदोन वर्षांतच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पतीला पटकीने नेले. कडेवर मनोरमा होती.

त्याच साली त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. आपल्यासारख्या मंडळांची ती पणजीच म्हणायची! हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी स्पष्ट सांगितले की, स्त्रीशिक्षणाच्या आड येणाऱ्यांत शिकलेले पुरुषच पुष्कळ आहेत. ज्यांच्या आश्रयाने राहायचे त्या सुशिक्षितांच्याच शहरात एका चोवीस वर्षांच्या विधवेने हे बोलायचे, याचा अर्थ आपल्याला कळेल.

१८८३ च्या उन्हाळ्यात त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायचा मानस होता, पण कानाला कमी ऐकू येऊ लागल्याने तो बारगळला. वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात, म्हणजे ख्रिस्ती सिस्टरांच्या आश्रमात, त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी लेकीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या आजीच्या हिशेबी गोष्ट इथे संपली. मला मात्र ती इथे सुरू होते असे वाटते.

कारण बाप्तिस्मा घेतल्यावर ही बाई गप्प बसेना. त्या पंथाच्या शिकवणीतले जे बायबलात सापडत नाही ते मी मानणार नाही, असे त्या म्हणू लागल्या. देवाचे त्रैक्य त्यांना पटेना. चर्चमध्ये म्हणायच्या मतांगीकारातले काही भाग मनापासून म्हणता येईनात, मग ओठांनी म्हणणार नाही, असे त्यांनी कळवले. सिस्टर गेराल्डीन ही त्यांची धर्ममाता. ती म्हणे, हा गर्व आहे, वडिलधाऱ्यांचे ऐक. रमाबाई उत्तर देत की, इतक्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतली, ती दुसऱ्याच्या जोखडात द्यायला नव्हे. माझ्या सदसद्विवेकाला मी उत्तर देईन. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, त्यावरही वाद झाला. मला लॅटिन येत नाही आणि माझ्या देशभगिनींनाही येत नाही, मग त्याऐवजी संस्कृत का नको, असा त्यांचा साधा प्रश्न होता. मांसमच्छर त्यांनी कधी खाल्ले नाही, आणि अंडे घातलेला गोड पदार्थही त्या दूर सारीत. चेल्टनमच्या महाविद्यालयात त्या असताना मुलग्यांनाही शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मी माझ्या देशात भरसभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिली आहेत, त्यात तेव्हा कोणाला वावगे दिसले नाही, असे त्यांनी संतापून लिहिले.

हे वाचताना मला प्रथम सिस्टर गेराल्डीनची दया आली, हे खरे सांगते. तिने प्रेमाने घरात घेतले, आणि पाहुणी रोज वाद घालते! रमाबाईंची लेखणी कधी कधी बोचरीही आहे. पण त्यांची स्थिती पाहा. परका देश, कनवटीला पैसा नाही, माहेर नाही, सासर नाही, लहान मुलगी याच सिस्टरांच्या पदराखाली वाढते आहे. अशा वेळी दोन शब्द मनाविरुद्ध उच्चारून सुखाने राहणे किती सोपे होते! आपण जावा-नणंदांपुढे रोज तेच करतो. रमाबाईंनी उलट मुलीबद्दलही बजावले की, जे मला पटलेले नाही ते माझ्या लेकीच्या मनावर बिंबवू नका. आणखी एक सांगायला हवे. ही सारी पत्रे जपून ठेवली आणि एकत्र केली ती सिस्टर गेराल्डीननेच. त्यांत तिला झोंबणारी कितीतरी आहेत. तीही आपल्या परीने सच्ची होती.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला निघाल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ त्यांनी पाहिला. पुढल्या वर्षी त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यातले काही मला आजही झोंबते, परक्यांपुढे घरचे इतके उघडे करावे का असे वाटते. पण त्यातल्या विधवांच्या हालांबद्दल खोटे म्हणून बोट ठेवावे असे मला काही सापडले नाही. बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले, अट एवढीच की शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. गोदूबाई, म्हणजे पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. मुलींना आपापला आचार पाळायची मोकळीक होती.

आणि मग १८९३ साल उजाडले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बातमी शहरात फुटली, केसरीने झोड उठवली. सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी ऑगस्टमध्ये अंग काढून घेतले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या भागाचा पहिला मसुदा मी लिहिला तो सारा रमाबाईंच्या बाजूने होता. तो मी त्या ख्रिस्ती भगिनीलाच दाखवला, तर तिने मान हलवली. रानड्यांच्या जागी उभे राहून पुन्हा लिही, म्हणाली. तसे उभे राहिले तर दिसते ते असे की, बारा-पंधरा वर्षांची विधवा पोर, जिला जगात कोणी माया लावली नाही, ती ज्या बाईने जवळ घेतले तिच्या मागे देवापुढेही जाईल. तिला वेगळे बोलावण्याची गरजच काय? शाळेत धर्म शिकवला नाही हे अक्षरशः खरे, पण पालकांनी ज्या भरवशावर मुली पाठवल्या तो भरवसा अक्षरापुरता नव्हता. मला रानडे-भांडारकरांचे दुःख कळते. त्यांनी या संस्थेसाठी स्वकीयांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पण रमाबाईंपुढे दुसरा मार्ग कोणता होता? दार लावून घ्यायचे. तेवढेच केले असते तर कदाचित सगळे निभावले असते. त्यांचे म्हणणे असे की, मी ख्रिस्ती आहे हे पहिल्या दिवसापासून जगजाहीर आहे. वर्गात मी धर्माचा शब्द काढत नाही. माझ्या खोलीत मी कोण आहे ते मात्र लपवणार नाही, आणि कोणा मुलीला यावेसे वाटले तर अडवणारही नाही. इतर धर्मांच्या मुलींना जी मोकळीक, तीच मला. त्यांनी दार लावले नाही. या मुलींनी ख्रिस्ताकडे यावे अशी आपली मनोमन इच्छा आहे, हेही त्यांनी नाकारले नाही. मला विचाराल तर दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही, पण तो ताणला. हे मी आता म्हणते. उद्या कदाचित बदलेन.

या सुमारासच त्यांच्या मनात आणखी एक उलथापालथ झाली होती. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्यांनी ती नमूद केली आहे. बाप्तिस्म्याला आठएक वर्षे झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. ज्या बाप्तिस्म्यापायी सारा महाराष्ट्र दुखावला, त्यात मी अर्धवटच होते असे छापून सांगायचे! शत्रूला आयते कोलीत आणि मित्रांना संकोच. वाँटेजला ज्या मतांवरून भांडल्या, त्यांतली काही त्यांनी पुढे मान्य केली, तीही उघडपणेच.

१८९७ च्या प्लेगची हकीकत तर आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सदनातल्या एका मुलीला सरकारी प्लेगच्या इस्पितळात नेले, तिथून ती विलगीकरणाच्या छावणीत गेली आणि तिथून तिची वाताहत झाली. रमाबाईंनी बाँबे गार्डियन या मिशनरी साप्ताहिकात पत्र लिहून त्या व्यवस्थेत बायकांच्या अब्रूचे काय होते ते मांडले. प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेले. गव्हर्नर सँडहर्स्टने त्यांचे म्हणणे झिडकारले. याच वर्षी प्लेगच्या अत्याचारांविषयी विलायतेत बोललेले शब्द पुराव्याअभावी मागे घेऊन गोखल्यांना माफी मागावी लागली. तीही सचोटीच, पुरावा नाही तर शब्द मागे. रमाबाईंच्या हाती आपल्या मुलीची हकीकत होती. त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारची झाली, असे ज्यांना वाटत होते त्यांनी हे पत्र वाचायला हवे होते.

पुढची केडगावची कहाणी बहुतेकींना माहीत असते. दुष्काळात मध्य प्रांतातून, मग गुजरातेतून आणलेल्या शेकडो अनाथ मुली, विहिरी, शेती, हातमाग, छापखाना. मुक्ती मिशन ते हेच. १८९८ मध्ये बॉस्टनच्या मंडळींची दहा वर्षे भरली, तेव्हा रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि केलेल्या कामाचा झाडा दिला. अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण इंग्रजीवरून केलेल्या भाषांतराच्या आधारे मूळ ग्रंथ असे सांगतो म्हणून बोलायला त्यांचे मन तयार नव्हते. अक्षरे जुळवणे, छापणे हे सारे मुक्तीतल्या बायकाच करीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुद्रिते तपासण्याचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले.

गेल्या महिन्याच्या सभेत मी अध्यक्षांच्या परवानगीने ते जुने इतिवृत्त पुन्हा काढले. सर्वानुमते हा शब्द खोडून, एका सभासद भगिनीने हरकत घेतली व तिला उत्तर दिले गेले नाही, असे लिहिले आणि खाली आजची तारीख घालून सही केली. अध्यक्षांनीही सही केली. दोघी सभासदांना ते आवडले नाही, त्यांची नावे त्यांच्याच सांगण्यावरून इतिवृत्तात आहेत. यंदाच्या हळदीकुंकवाचा ठराव अजून व्हायचा आहे.