न सुटलेली मूठ

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी मामांकडे मुंबईस गेले होते. मामा मशीद बंदरला माथाडी कामगार आहेत. सुटीच्या दिवशी ते मला गिरगाव चौपाटीवर घेऊन गेले. भेळ खाऊन झाली, लाटा बघून झाल्या. परतताना मामा एका स्मारकापाशी थांबले, पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि त्यांनी हात जोडले. मीही जोडले. ते स्मारक तुकाराम गोपाळ ओंबळे यांचे होते.

हे नाव मला अपरिचित नव्हते. ओंबळे आमच्याच जावळी तालुक्यातले, केडंबे गावचे. शाळेत दर २६ नोव्हेंबरला गुरुजी त्यांच्या तसबिरीला हार घालीत आणि आम्ही दोन मिनिटे उभे राहत असू. पण तसबिरीतला माणूस तसबिरीतच राहिला होता. त्या संध्याकाळी प्रथमच वाटले की, हा माणूस कसा जगला हे आपण समजून घेतले पाहिजे. त्याला माझे स्वतःचे एक कारण आहे, ते पुढे सांगते.

जावळीचा मुलूख डोंगराळ. शेती पावसावर, तीही तुकड्या-तुकड्यांची. म्हणून आमच्याकडच्या तरुणांपुढे पिढ्यान् पिढ्या दोनच वाटा असत, एक मुंबईची आणि दुसरी फौजेची. ओंबळे या दोन्ही वाटा चालले. आधी ते सैन्यात गेले, सिग्नल दलात नोकरी केली आणि नाईक या हुद्द्यावरून निवृत्त झाले. फौजेतून परतलेला माणूस गावी घर बांधतो, शेताकडे बघतो. ओंबळ्यांनी मात्र १९९१ साली पुन्हा गणवेश चढविला, या वेळी मुंबई पोलिसांचा. पुढची सतरा वर्षे त्यांनी ही नोकरी केली. पोलिसाची नोकरी म्हणजे काय, हे आपण सारे पाहतोच. लोकांच्या घरी सणाच्या पंगती बसतात तेव्हा तो बंदोबस्ताला उभा असतो. ओंबळे चार मुलींचे वडील होते. २००८ साली ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी समुद्रमार्गाने मुंबईत उतरले. लिओपोल्ड कॅफे, ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस येथे गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरले. लांबच्या गाड्यांची वाट पाहत, बोचक्यांना टेकून बसलेली माणसे तिथे होती. त्यांतल्या पन्नासांहून अधिक जणांचा प्रवास तिथेच संपला. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथेच धारातीर्थी पडले. उद्घोषक विष्णू झेंडे मात्र आपल्या जागेवरून हलले नाहीत. ध्वनिक्षेपकावरून सांगत-सांगत त्यांनी लोकांना सुरक्षित बाजूने बाहेर काढले. पुढे हे दोघे कामा रुग्णालयात शिरले. तिथल्या परिचारिकांनी दारे लावून घेतली, दिवे मालवले आणि बाळंतिणींना व गरोदर स्त्रियांना जपले. रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आले.

पोलिसांची गाडी पळवून आणि नंतर ती टाकून, एक स्कोडा मोटार हिसकावून घेऊन ते दोघे मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटीकडे निघाले. मध्यरात्र उलटून गेली होती. बिनतारी संदेश मिळाल्यामुळे डी. बी. मार्गच्या पोलिसांनी चौपाटीवर नाकाबंदी केली होती. अडथळे पाहून मोटार वळू लागली आणि दुभाजकावर जाऊन आदळली. चकमकीत इस्माईल खान मारला गेला. कसाब जिवंत होता आणि त्याच्या हाती एके-४७ होती. ओंबळ्यांच्या हाती होती लाठी.

ते पुढे धावले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. कसाबने घोडा दाबला. गोळ्या पोटात शिरत होत्या, पण ओंबळ्यांची मूठ सुटली नाही. त्या काही क्षणांत सहकाऱ्यांनी कसाबवर झडप घालून त्याला जिवंत पकडले. ओंबळे मात्र वाचले नाहीत.

काही जण म्हणतात, माणूस आवेशाच्या भरात असे करून जातो. मला ते पटत नाही. ओंबळे फौजेत राहिलेले होते. रायफल काय असते आणि तिच्या नळीसमोर उभे राहिल्यास काय होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ठाऊक असूनही ते पुढे गेले. माझ्या दृष्टीने त्यांची थोरवी इथेच आहे.

त्या एका मुठीने काय साधले? दहांपैकी नऊ जण मारले गेले. जिवंत हाती लागला तो कसाब एकटाच. तो सापडला म्हणूनच कट कोठे शिजला आणि माणसे कोठून आली, याचा पुरावा जगापुढे ठेवता आला. तो आपला नागरिक असल्याचे पाकिस्तानला २००९ च्या जानेवारीत कबूल करावे लागले. कसाबवर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपिले झाली. २०१० साली विशेष न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली. १६६ माणसांच्या मृत्यूचा जाब सूडाने नव्हे, तर कायद्याने विचारला गेला. त्या न्यायाची पहिली पायरी चौपाटीच्या रस्त्यावर घडली.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. २०२१ साली महाराष्ट्रात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले.

आता माझे कारण सांगते. मी पोलीस भरतीची तयारी करते आहे. रोज पहाटे ८०० मीटर धावते, गोळाफेकीचा सराव करते. आईला हे मुळीच मान्य नाही. मुंबईहून परतल्यावर मी तिला ही सारी हकिकत मोठ्या अभिमानाने सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग दोनच गोष्टी विचारल्या. त्यांच्या हातात फक्त लाठीच का होती, आणि मागे त्या चार मुलींचे काय झाले असेल?

मी निरुत्तर झाले. हल्ल्यानंतर मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र आले, राज्याचे फोर्स वन पथक उभे राहिले, हे मी तिला सांगितले. पण तिचा प्रश्न त्याने मिटत नाही. शौर्याचे पोवाडे गाताना आपण तो प्रश्न झाकून टाकता कामा नये. ज्याला आपण नाक्यावर उभे करतो, त्याच्या हाती काय देतो आणि त्याच्या मागे त्याच्या घराकडे कोण बघतो, हे विचारणे म्हणजे हुतात्म्याचा अनादर नव्हे. उलट, वर्षातून दोन मिनिटे उभे राहून घरी जाणे हाच मला खरा अनादर वाटतो.

आईने अजून होकार दिलेला नाही. मीही हट्ट सोडलेला नाही. फक्त एक बदल झाला आहे. पूर्वी मी चोरपावलांनी घराबाहेर पडत असे. आता पहाटे पाचला आईच मला हाक मारून उठवते.

तुकाराम ओंबळे आणि त्या रात्री बळी पडलेल्या सर्व ज्ञात-अज्ञात जिवांना माझे विनम्र अभिवादन.