पोलंडच्या अनाथ लेकरांचे पालक : जामसाहेब दिग्विजयसिंहजी



परदेशी दत्तक हे शब्द कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. आपल्याकडील एखाद्या अनाथालयातील बालक आणि त्याला न्यावयास आलेले युरोप-अमेरिकेतील दांपत्य. गेल्या अर्धशतकात पुण्या-मुंबईच्या संस्थांमधून कितीतरी बालके अशा रीतीने परदेशी गेली. परंतु एके काळी ही वाट उलट्या दिशेने वाहिली होती. तेव्हा अनाथ मुले युरोपातील होती आणि त्यांना पोटाशी धरणारा देश भारत होता. तो देश स्वतः पारतंत्र्यात आणि दारिद्र्यात होता. त्या मुलांचे पितृत्व स्वीकारणाऱ्या जामनगरच्या राजाचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. तो कॅथलिक नव्हता. मुले मात्र बहुतांशी कॅथलिक होती, आणि त्यांच्या प्रवासाची पावले आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही उमटलेली आहेत.

दत्तकाची परंपरा असलेले घराणे

दिग्विजयसिंहजी यांचा जन्म 18 सप्टेंबर 1895 रोजी काठेवाडात, नवानगर संस्थानच्या जाडेजा घराण्यात झाला. जगप्रसिद्ध क्रिकेटपटू रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. या राजघराण्याला दत्तकविधान नवे नव्हते आणि त्यातील वेदनाही नवी नव्हती. रणजितसिंहजींना जाम विभाजींनी 1878 साली वारस म्हणून निवडले होते. पुढे 1882 साली राजाला पुत्र झाला आणि निवडलेला मुलगा बाजूला सारला गेला. गादी मिळण्यासाठी त्यांना 1907 पर्यंत थांबावे लागले. ते अविवाहित राहिले आणि त्यांच्या मागे गादीवर त्यांचे पुतणे दिग्विजयसिंहजी आले. राजवाड्यात दत्तक म्हणजे गादीची सोय होती. मूल राज्यासाठी होते, राज्य मुलासाठी नव्हते. ही पार्श्वभूमी ध्यानी ठेवली म्हणजे पुढील प्रसंगाचे मोल नीट कळते.

दिग्विजयसिंहजींचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व नंतर इंग्लंडमध्ये झाले. काही वर्षे त्यांनी सैन्यात अधिकारी म्हणून सेवा केली. 1933 साली ते नवानगरचे जामसाहेब झाले. नरेंद्र मंडळाचे ते चॅन्सेलर होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमधील युद्धविषयक मसलतींमध्ये हिंदी संस्थानिकांचे प्रतिनिधित्व त्यांनी केले. रणजितसिंहजी राष्ट्रसंघाच्या कामानिमित्त स्वित्झर्लंडमध्ये असत. तेथे पोलंडचे थोर पियानोवादक आणि राजकारणी पादेरेव्हस्की यांच्याशी या घराण्याचा परिचय झाला होता. पोलंडविषयी त्यांच्या मनात जो ओलावा होता त्याचे मूळ या परिचयात असल्याचे सांगतात.

निर्वासित मुलांचा तांडा

सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना सैबेरियात व मध्य आशियात हद्दपार करण्यात आले. उपासमार, थंडी आणि रोगराई यांत असंख्य माता-पिता मृत्यू पावले. 1941 साली जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर परिस्थिती पालटली, आणि जुलै 1941 च्या करारानुसार पोलिश कैद्यांची सुटका होऊ लागली. पण सुटलेल्या अनाथ मुलांनी जावे कोठे? युद्धात गुंतलेल्या देशांपैकी फारच थोडे त्यांना घेण्यास पुढे आले.

अशा वेळी जामसाहेबांनी आपल्या संस्थानात या मुलांना ठेवून घेण्याची तयारी दाखविली. 1942 च्या वसंतात मुलांची पहिली तुकडी अश्काबादहून ट्रकांतून निघाली. इराणचा रखरखीत प्रदेश ओलांडून ती क्वेट्टामार्गे मुंबईस पोहोचली. अंगावर चिंध्या आणि पोटात भुकेची आग अशी त्यांची अवस्था होती. काही महिने मुलांना वांद्रे येथे ठेवून त्यांच्या प्रकृतीची काळजी घेण्यात आली. जुलै 1942 मध्ये त्यांना जामनगरपासून सुमारे 25 किलोमीटरवर, समुद्रकाठच्या बालाचडी येथे नेण्यात आले. तेथे जामसाहेबांच्या उन्हाळी निवासाजवळ त्यांच्यासाठी वसाहत उभारली होती.

त्या वर्षी आपल्या देशाची काय स्थिती होती, हे आम्ही वाचकांना आठवून देऊ इच्छितो. ऑगस्टमध्ये छोडो भारत आंदोलन पेटले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. ओसंडणाऱ्या घरातून केलेले हे दान नव्हते. खर्चाचा भार पोलंडचे परागंदा सरकार, काही संस्थानिक आणि उदार देणगीदार यांनी वाटून घेतला.

बालाचडीचे घर

मुले आली तेव्हा जामसाहेबांनी त्यांना स्वतः भेटून धीर दिला. यापुढे त्यांनी स्वतःला अनाथ समजू नये, कारण नवानगरच्या सर्व प्रजेप्रमाणे आपण त्यांचेही बापू आहोत, अशा आशयाचे त्यांचे सांगणे होते. ही मुले अखेरपर्यंत त्यांना बापू म्हणूनच ओळखत राहिली.

ते पितृत्व शब्दांपुरते नव्हते. वसाहतीचे प्रमुख म्हणून फादर फ्रान्सिशेक प्लुटा या पोलिश धर्मगुरूंना नेमण्यात आले. वसाहतीत मुलांसाठी चॅपेल होते, मिस्सा होत असे आणि पोलिश भाषेत शाळा चालत असे. पोलंडचे ध्वज फडकत, बालवीरांची पथके होती, नाताळात नाटके होत आणि जामसाहेब ती पाहावयास येऊन बसत. तिखट जेवण मुलांच्या पोटाला सोसेना, म्हणून गोव्याहून स्वयंपाकी आणले गेले. एकदा मुलांनी पालकाची भाजी खाण्यास साफ नकार दिला. तक्रार राजाच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी ती भाजी करणेच बंद करविले, अशी आठवण त्या मुलांनी वृद्धापकाळीही हसत सांगितली आहे.

वरवर पाहता या गोष्टी लहान आहेत, परंतु मर्म यांतच आहे. जामसाहेब हिंदू राजे होते. ही मुले पूर्णपणे त्यांच्या अन्नावर होती. तरीही त्यांनी त्यांचा धर्म, त्यांची भाषा वा त्यांची नावे बदलू पाहिली नाहीत. आसरा दिला, पण त्याची किंमत मागितली नाही. आश्रय देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, आपल्या ख्रिस्ती संस्थांनीही, या आरशात स्वतःला पाहावे असे आम्हास वाटते.

दत्तकपत्र

युद्ध संपले, पण मुलांवरील संकट सरले नाही. जुलै 1945 मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी वॉर्सामधील कम्युनिस्टप्रणीत सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली. आता मुले नव्या राजवटीकडे परत पाठविली जातील अशी भीती निर्माण झाली. ज्या सत्तेच्या छायेत त्यांचे आई-बाप गेले, तिच्याच हाती त्यांना सोपवायचे काय? ज्यांना परत नेणारे आई-वडील राहिले नव्हते, अशा मुलांना जामसाहेब, फादर प्लुटा आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी यांनी संयुक्तपणे कायदेशीर दत्तक घेतले. मुलांना कायद्याने पालक मिळाले आणि कोणालाही बळजबरीने त्यांना नेता येईना. यामुळे फादर प्लुटा यांच्यावर पोलंडच्या नव्या राज्यकर्त्यांनी मुले पळविल्याचा आरोपही केला.

येथे जाडेजा घराण्यातील जुन्या दत्तकविधानाची आठवण होते. जामसाहेबांना स्वतःचा पुत्र होता, कन्या होत्या. त्यांना वारसाची गरज नव्हती. या मुलांकडून त्यांना म्हातारपणाचा आधार नको होता की वंशाचे नाव पुढे न्यायचे नव्हते. घराण्यात जे दत्तक गादीसाठी होत असे, ते प्रथमच केवळ मुलांसाठी झाले.

आणि त्यांनी त्या मुलांना जाऊही दिले. 1946 च्या अखेरीस बालाचडीची वसाहत बंद झाली आणि राहिलेली मुले आपल्या कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आली. तेथे 1943 पासून पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः स्त्रिया व मुले, तेथे राहत. तेथेही चर्च, शाळा आणि दवाखाना होता. 1948 पर्यंत ही सारी मंडळी पांगली. कोणाला नातलग सापडले, कोणी ब्रिटनला गेले, कोणी अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मारक त्यांची साक्ष देते.

स्वातंत्र्यानंतर जामसाहेबांनी आपले संस्थान भारतात विलीन केले. 1948 ते 1956 या काळात ते सौराष्ट्राचे राजप्रमुख होते. 3 फेब्रुवारी 1966 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बालाचडीला आज सैनिक स्कूल आहे. वॉर्सामध्ये एक शाळा त्यांच्या नावाने चालते आणि एका चौकाला भल्या महाराजांचे नाव दिलेले आहे. पोलंडने त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मानही दिला.

आपल्यासाठी बोध

शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा येथे राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना या राजाच्या गोष्टीचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. नरडाण्यास मुंबई-आग्रा महामार्ग आहे, सुरत-भुसावळ लोहमार्गाचे स्थानक आहे, औद्योगिक वसाहत आहे. कामाच्या शोधात कुटुंबे येथून जातात आणि येथे येतात. अशा वाटांवर एखादे मूल निराधार होणे अशक्य नाही. अशा वेळी ओळखीच्या अपत्यहीन दांपत्याच्या ओटीत ते मूल परस्पर घालावे, असे एखाद्या दयाळू माणसालाही वाटू शकते. पण जामसाहेबांनी दयेला कायद्याची जोड दिली होती, हे विसरता कामा नये.

परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा व्यापार होत असल्याच्या तक्रारी पुढे आल्यावर वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. 1984 साली न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निकालाने शिस्त घालून दिली : प्रथम मुलाला देशातच घर शोधावे, ते न मिळाल्यास परदेशाचा विचार व्हावा, आणि मुलामागे कोणी नफा कमावू नये. 1993 च्या हेग करारात हेच तत्त्व जगाने मान्य केले. भारताने त्यास 2003 साली दुजोरा दिला. आज ही व्यवस्था केंद्रीय दत्तक प्राधिकरण पाहते.

आपल्या समाजासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंसाठी होता. ख्रिस्ती दांपत्यांना 1890 च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे आणि मूल सज्ञान झाले की ते संपे. बाल न्याय कायद्याने हा अडसर दूर केला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केल्याप्रमाणे कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येते, आणि ते मूल सर्व हक्कांसह त्यांचे होते. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. जे मूल सापडते, त्याची माहिती चोवीस तासांच्या आत पोलीस, 1098 हा दूरध्वनी किंवा जिल्ह्याची बाल कल्याण समिती यांना देणे बंधनकारक आहे. नाइलाजाने मूल समितीच्या स्वाधीन करणाऱ्या आईलाही फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. ही मुदत त्या आईचा हक्क आहे आणि कोणाच्याही घाईसाठी ती हिरावून घेता येणार नाही.

संत जोसेफ यांनी आपल्या रक्ताचा नसलेला बालक सांभाळला आणि त्याच्या जिवासाठी रातोरात परदेशी इजिप्तची वाट धरली. त्या बालकावर त्यांनी मालकी सांगितली नाही. जामसाहेबांनी पोलंडच्या लेकरांसाठी जे केले, ते याच जातीचे होते. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने आधी एकच प्रश्न स्वतःस विचारावा : आपल्याला मूल हवे आहे म्हणून आपण हे करीत आहोत, की या मुलाला घर हवे आहे म्हणून? पहिल्या इच्छेत पाप नाही. परंतु निर्णयाच्या क्षणी दुसरी गोष्ट वरचढ ठरावी, अशी आमची विनंती आहे.