स्वायत्तता कुणासाठी? कुळांसाठी की जमीनदारांसाठी?

प्रांतिक स्वायत्तता म्हटले की भाषा आणि झेंड्याचीच चर्चा होते. जमीन कोणाच्या नावावर, हे कोणी विचारत नाही. स्पेनमधील कॅटलोनियाचे अध्यक्ष लुईस कोंपान्यस यांनी ते विचारले, म्हणून आम्हाला त्यांचे चरित्र महत्त्वाचे वाटते.

१८८२ साली जमीनजुमला असलेल्या घरात ते जन्मले. बार्सिलोनात कायदा शिकले आणि वकिली केली ती कामगारांची. १९२० मध्ये त्यांना अटक झाली. त्यांच्यासाठी धावलेले वकीलमित्र फ्रान्सेस्क लायरेत यांचा घरासमोरच गोळ्या घालून खून झाला. मतदारांनी लायरेत यांच्या जागी तुरुंगातल्या कोंपान्यस यांनाच संसदेवर पाठवले!

१९२२ मध्ये त्यांनी द्राक्षमळे कसणाऱ्या कुळांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. या कुळांचा करार वेल जगेपर्यंतच चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा किडीने वेल मारले. नव्या कलमी वेलांचे आयुष्य थोडे; कुळाचा हक्कही तेवढाच आखूड झाला.

१९३२ मध्ये कॅटलोनियाला स्वायत्तता मिळाली. १९३४ मध्ये अध्यक्ष कोंपान्यस यांच्या सरकारने कायदा केला: अठरा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला ती विकत घेता येईल. विकत, फुकट नव्हे. तरी जमीनदार खवळले. कॅटलान अस्मितेचा तीस वर्षे गजर करणारा लीगा पक्ष त्यांच्यासाठी माद्रिदच्या दारी गेला. केंद्राने दावा लावला आणि घटना न्यायालयाने १३ विरुद्ध १० मतांनी कायदा रद्द केला. प्रांतिक विधिमंडळाने तोच कायदा चार दिवसांत पुन्हा मंजूर केला.

ऑक्टोबरात केंद्रीय मंत्रिमंडळात कडवे उजवे शिरताच कोंपान्यस यांनी स्पॅनिश संघराज्यांतर्गत कॅटलान राज्य जाहीर केले. वेगळा देश मागितला नव्हता. तरीही हे पाऊल आम्हाला चुकीचे वाटते, कारण कुळकायद्यावर तडजोड होत आली होती. उठाव एका रात्रीत मोडला. त्यांना तीस वर्षांची शिक्षा झाली आणि कुळांवर बेदखलीचे हुकूम निघाले.

१९३६ च्या निवडणुकीनंतर ते सुटले. पुढच्या यादवीत त्यांच्या राजवटीत धर्मगुरूंचे व विरोधकांचे खून झाले, ते त्यांना रोखता आले नाहीत. १९३९ मध्ये ते फ्रान्सला गेले. १९४० मध्ये नाझींनी त्यांना पकडून फ्रँकोच्या हवाली केले. आरोप लष्करी बंडाचा; लावणारे मात्र स्वतः बंड करून सत्तेवर आलेले लष्कर! खटला तासाभरात उरकला. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, मोंजुइक किल्ल्यात त्यांना गोळ्या घातल्या. असे निकाल स्पेनने कायद्याने रद्दबातल ठरवले ते २०२२ मध्ये.