लुद्विक राइखमान
लुद्विक राइखमान (१८८१–१९६५) हे पोलिश जीवाणुशास्त्रज्ञ आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील संघटक होते. राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेचे संचालक आणि युनिसेफचे एक प्रमुख संस्थापक म्हणून ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन
राइखमान यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील वॉर्सा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. क्राकूव्हच्या यागियेलोनियन विद्यापीठात त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. त्यानंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आणि लंडनमध्ये त्यांनी संशोधन केले.

निर्वासित आणि टायफस
पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९१८ मध्ये ते मायदेशी परतले. त्यांनी वॉर्सा येथे स्थापन केलेली साथरोग संस्था पुढे राज्य आरोग्य संस्था म्हणून नावारूपास आली. त्या काळात रशियातून येणाऱ्या निर्वासितांमध्ये टायफसची मोठी साथ होती. हा रोग अंगावरील उवांमार्फत पसरत असल्याने स्नान, कपड्यांचे निर्जंतुकीकरण आणि विलगीकरण यांवर भर देण्यात आला. केवळ सीमा बंद करून साथ रोखता येत नाही, हे या अनुभवातून दिसून आले. १९२२ च्या वॉर्सा आरोग्य परिषदेत सोव्हिएत रशियाही सहभागी झाला होता.

राष्ट्रसंघातील कार्य
१९२१ पासून राइखमान यांनी जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाची धुरा सांभाळली. त्यांच्या कारकिर्दीत साथरोगांची माहिती देशोदेशी नियमितपणे पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली. आशियातील बंदरांसाठी १९२५ मध्ये सिंगापूर येथे केंद्र सुरू झाले. चीनच्या आरोग्यव्यवस्थेच्या उभारणीतही त्यांनी साहाय्य केले. मात्र फॅसिझमला असलेला त्यांचा उघड विरोध राष्ट्रसंघाच्या नेतृत्वाला अडचणीचा वाटू लागला आणि १९३९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

युनिसेफ
दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांची मदत व पुनर्वसन संस्था बंद होत असताना तिचा उर्वरित निधी मुलांसाठी वापरावा, असा प्रस्ताव राइखमान यांनी मांडला. त्यातून ११ डिसेंबर १९४६ रोजी युनिसेफची स्थापना झाली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व किंवा राजकीय मत यांवरून भेद न करता मदत देण्याचे तत्त्व तिने स्वीकारले. त्यामुळे युद्धात पराभूत झालेल्या देशांतील मुलांनाही साहाय्य मिळाले. १९४६ ते १९५० या काळात राइखमान तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते. क्षयरोगावरील बीसीजी लसीकरणाच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतही युनिसेफचा सहभाग होता.

अखेरचा काळ आणि वारसा
शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, तर पोलंडच्या साम्यवादी राजवटीशीही त्यांचे संबंध बिघडले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये घालवली. १९६५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेल्या युनिसेफचे कार्य पुढे भारतातही विस्तारले. पुण्याजवळील पिंपरी येथील पेनिसिलिन कारखान्याच्या उभारणीस जागतिक आरोग्य संघटनेबरोबर युनिसेफनेही साहाय्य केले होते.