दादासाहेबांचा जमीनलढा आणि आजचे अनुदान

पंचवटीचे नाव निघाले की भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांचे स्मरण होते, ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेल्या त्या लढ्याचे नेतृत्व डॉ. आंबेडकरांचे होते, परंतु बंद दारासमोर तो वर्षानुवर्षे धगधगता ठेवण्याचे जिकिरीचे काम मुख्यतः सत्याग्रह समितीचे चिटणीस या नात्याने गायकवाडांनी केले. मात्र त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध ज्या प्रश्नाने व्यापला, तो देवळाचा नव्हे, जमिनीचा होता. शेतीसाठी सरकारी तिजोरीतून थेट रकमा वाटल्या जाण्याच्या आजच्या काळात त्यांच्या चरित्राचा हाच भाग पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे.

दादासाहेबांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. महार वतनाचे अर्थशास्त्र त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. तुटपुंज्या इनामी जमिनीच्या बदल्यात अष्टौप्रहर गावकी व सरकारी वेठ, असा तो व्यवहार होता. 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने संपली. दरम्यान गायकवाड 1937 मध्ये मुंबई विधानसभेत, 1957 मध्ये नाशिकमधून लोकसभेत आणि पुढे 1962 मध्ये राज्यसभेत गेले; पण संसदेतील आसनापेक्षा तुरुंगाची वाट त्यांना अधिक परिचयाची राहिली.

कूळकायद्याने कसणाऱ्याला मालकी देऊ केली हे खरे. तथापि ज्याचे नाव कूळ म्हणूनही कागदावर नव्हते, त्या मजुराच्या हाती काय आले? काहीच नाही. नेमक्या याच माणसासाठी गायकवाडांनी 1959 मध्ये मराठवाडा व खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. 6 डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षाने तोच लढा देशव्यापी केला, आणि तीन लाखांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेल्याचे सांगितले जाते. मागणी अवास्तव नव्हती. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्या आणि शेतमजुराला किमान वेतन द्या, एवढीच ती होती. तिला आश्वासने पुष्कळ मिळाली, एकर मात्र थोडे. 29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेब निवर्तले.

त्यानंतर शेतीविषयक साह्याचे स्वरूप पालटले. त्याचा दरवाजा मात्र तोच राहिला, आणि त्या दरवाजाचे नाव सातबारा. 2019 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीतून वर्षाला 6000 रुपये मिळतात ते जमीनधारक कुटुंबाला. 2023 मध्ये राज्याने त्यात घातलेली 6000 रुपयांची भरही त्याच यादीवर चालते. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, 200 क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर झाले. अर्जासोबत हवी होती विक्रीपट्टी आणि कांद्याच्या पेऱ्याची नोंद असलेला सातबारा. पंचवटीच्या बाजार समितीत उतरणाऱ्या मालामागे अर्धलीने कसणाऱ्याचा व मजुराचा घाम असतो. भाव कोसळला की त्याची मजुरी व हिस्साही कोसळतो. पण अनुदानाच्या हिशेबात तो नसतो. शेतकऱ्याला मदत नको असा याचा अर्थ नव्हे. उत्पादक कोणाला म्हणावे, हा प्रश्न आहे.

गंमत अशी, की दादासाहेबांच्या नावाने एक अनुदान योजना 2004-05 पासून आहे. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध भूमिहीन दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यावयाची, अशी ती सबळीकरण व स्वाभिमान योजना. आरंभी निम्मी रक्कम अनुदान व निम्मी बिनव्याजी कर्ज होती. 2018 मध्ये ती पूर्णतः अनुदानावर आली आणि कमाल दर एकरी कोरडवाहूस पाच लाख, बागायतीस आठ लाख ठरला. आता या दरात द्राक्षबागांच्या दिंडोरीत बागायती जमीन विकणारा कोण भेटणार? येथे शासन बाजारातले एक गिऱ्हाईक म्हणून उभे राहते, तेही कमी भाव देणारे. गायकवाडांनी मागितली होती ती शासनाच्याच ताब्यातील जमीन. ती कोणाकडून विकत घ्यावी लागणार नव्हती.