अंतर तेवढंच, मग वेळ का बदलतो? जेआरडी टाटांच्या उड्डाणांची गोष्ट

पुणे ते दिल्ली सरळ हवाई अंतर आहे सुमारे १,१६० किमी. जेट विमान ताशी ८०० किमीच्या आसपास उडतं. म्हणजे दीड तासात पोहोचायला हवं. मग तिकिटाच्या ॲपवर दोन तासांहून जास्त वेळ का दिसतो? उत्तर जेआरडी टाटांच्या आयुष्यात सापडतं.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील पारशी, आई फ्रेंच. फ्रान्समध्ये समुद्रकिनारी सुट्टीला जायचे, तिथे शेजारी होते लुई ब्लेरिओ, विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक. तिथेच विमानाचं वेड लागलं. १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना जेआरडींना मिळाला.

इंग्लंड-भारत प्रवास एकट्याने उडत करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस ठेवलं. (पुण्यातला नगर रोडवरचा आगाखान पॅलेस बांधणारे तेच!) १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर समोरून, इंग्लंडहून येत होते. इजिप्तमध्ये दोघं भेटले. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग देऊन टाकला. अवघ्या काही तासांच्या फरकाने अस्पी जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२. टाटांची पहिली टपाल फेरी. पुस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन जेआरडी सकाळी ६:३५ ला कराचीहून उडाले आणि दुपारी १:५० ला मुंबईत जुहूला उतरले. आता हिशोब करू. कराची-मुंबई सरळ अंतर सुमारे ८७० किमी, पण अहमदाबादमार्गे साधारण १,०३० किमी. ताशी १६० किमी वेग धरला, तर हवेत साडेसहा तास लागतात. प्रत्यक्षात लागले सव्वासात. अहमदाबादला उतरून इंधन भरायचं होतं, आणि ते बैलगाडीतून डब्यांत आलं होतं!

आजही गणित तेच आहे. ॲपवर दिसतो तो ‘ब्लॉक टाइम’, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभं राहीपर्यंतचा वेळ. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, मार्गातली वळणं, उतरण्याची रांग, सगळं त्यात आलं.

त्याच टपाल सेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९७८ मध्ये सरकारने जेआरडींना तिच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. उडणं मात्र सुटलं नाही. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई फेरी जुन्या छोट्या विमानातून पुन्हा केली. १९९३ मध्ये जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

तेव्हा पुढचं तिकीट काढताना फक्त किलोमीटर बघू नका. विमान मध्ये कुठे थांबतं, किती वेळ थांबतं, तेही बघा.